पंधरापैकी पंधरा

श्रीमती निरुपमा बळवंतराव फणसे, वय एकसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार घडियाळी पोळ, बडोदे, यांनी लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत एकही भैरवी ऐकलेली नव्हती. गाण्याची आवड नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सुभानपुऱ्यातल्या एका सभागृहात सकाळी नऊला मैफल असे आणि तिसऱ्या रांगेत बाई न चुकता हजर असत. तोडी ऐकत, सारंग ऐकत, मधला चहाही घेत. पण मैफल भैरवीने संपते, आणि बळवंतराव मैफल संपायच्या आत उठतात, हा त्या घरातला कायदा होता.

"भैरवी झाली की अख्खं बडोदं एकदम पार्किंगमध्ये उतरतं," बळवंतराव म्हणत. "स्कूटर काढता काढता एक वाजतो. चल, ऊठ."

स्कूटर त्यांची, किल्ली त्यांची, लायसनही त्यांचंच. त्यामुळे शेवटच्या चिजेसाठी गवई तंबोरा पुन्हा जुळवू लागले की निरुपमाबाई पर्स सावरू लागत. बळवंतरावांचं लायसन एकोणऐंशी सालचं. त्या वेळी कचेरीतल्या साहेबांनी त्यांची रीतसर परीक्षा घेतली होती. प्रश्न एकच होता: "प्रतापसिंहरावांचे चिरंजीव ना तुम्ही?" उत्तर बरोबर आलं आणि लायसन मिळालं.

अहमदाबादला राहणाऱ्या मुलीने, अवंतीने, आईच्या एकसष्टीला विजेवर चालणारी स्कूटर पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "आई, आता शेवटपर्यंत बस." निरुपमाबाईंना रडूच आलं. बळवंतरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि लायसनशिवाय ही गाडी दाराबाहेर जाणार नाही, असं जाहीर केलं. एवढ्यावर विषय मिटेल अशी त्यांची समजूत होती.

निजामपुऱ्यात नंदू चव्हाणचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं. नंदू एके काळी निरुपमाबाईंच्या वर्गात होता, आणि नववीत बाईंनीच त्याला दोन गुणांनी गणितात बसवला होता. त्याने राग धरला नव्हता. त्याने बाईंना पंखा लावलेल्या बाजूची खुर्ची दिली आणि भिंतीवरच्या चिन्हांचा तक्ता काठीने दाखवायला सुरुवात केली.

"हे बघा बाई. निळा गोल आला की शेवटचं उत्तर. लाल गोल आला की मधलं. त्रिकोण आला की ज्या उत्तराचं वाक्य सगळ्यात लांब, ते. झालं."

"पण या चिन्हाचा अर्थ काय?"

नंदूने काठी खाली ठेवली. "बाई, अर्थाच्या नादाला लागू नका. समजून घ्यायला गेलं की गोंधळ होतो. माझ्या हाताखालून साडेचार हजार माणसं पास झाली, एकालाही काही समजलेलं नाही. रस्त्यावर बघताच ना तुम्ही. पंधरा प्रश्न असतात, अकराला पास. बारा मिळाले म्हणजे पेढे वाटायचे."

चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला हा उपदेश मानवणं शक्य नव्हतं. त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं, वहीला समास आखला आणि पहिल्या पानापासून टिपणं काढायला घेतली. चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट का द्यायची, हे नीट कळावं म्हणून त्यांनी पोळपाटावर पिठाचा चौक काढून त्यावर चार लिंबं फिरवली. बळवंतरावांना त्या दिवशी पोळ्या दीड वाजता मिळाल्या. पण पुस्तक संपेपर्यंत बाई अगदी हरखून गेल्या होत्या. म्हाताऱ्यांसाठी थांबा, आंधळ्याच्या पांढऱ्या काठीला मान द्या, दवाखान्यापाशी गप्प राहा, रुग्णवाहिकेला वाट द्या. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची एवढी काळजी कुणीतरी सरकारी छपाईत करून ठेवली होती आणि एकसष्ट वर्षांत त्यांना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं!

परीक्षेच्या दिवशी त्या कचेरीत गेल्या. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, मलाही लायसनचं नूतनीकरण करायचं आहे. संगणकावर पंधरा प्रश्न आले. निरुपमाबाईंनी पंधराही सोडवले, वेळ उरला म्हणून पडद्यावरची धूळ रुमालाने पुसली. निकाल आला: पंधरापैकी पंधरा. दुसऱ्याच क्षणी पडदा लाल झाला आणि अक्षरं उमटली: "निकाल राखून ठेवण्यात येत आहे. अर्जदाराने खिडकी क्रमांक सात येथे समक्ष हजर राहावे."

खिडकी क्रमांक सातवर हार्दिकभाई बसत. दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढल्यामुळे त्यांना मराठी चांगलं येत असे. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि घरात काहीतरी वाईट घडल्यावर विचारावं तशा आवाजात विचारलं, "आ शुं कर्युं, बेन?"

"का? काही चुकलं का?"

"चुकलं नाही ना, तीच तर तकलीफ आहे. पंधरामधून पंधरा कोण आणतं?"

मग हार्दिकभाईंनी समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी उत्तरं फोडून विकली. चौकशी समिती बसली. समितीला असं आढळलं, की ज्यांनी उत्तरं विकत घेतली त्या सगळ्यांना पंधरापैकी पंधरा गुण होते. त्यावरून परिपत्रक निघालं, की पंधरा गुण हा गैरप्रकाराचा सकृद्दर्शनी पुरावा समजण्यात यावा.

"मग विकत घेणारे आता काय करतात?" बाईंनी विचारलं.

"ते शहाणे झाले. मुद्दाम तीन चुकवतात. बारा गुण आणतात, कायदेशीर पास होतात."

"म्हणजे आता पंधरा गुण फक्त प्रामाणिक माणसालाच मिळणार!"

"बेन, असं कचेरीत मोठ्याने बोलायचं नाही. पंधरा गुण फक्त संशयिताला मिळतात. परिपत्रकानंतर आम्ही अकरा जण पकडले. त्यातल्या एकाकडेही काही सापडलं नाही, इतके ते हुशार निघाले."

निरुपमाबाईंना 'ज्ञानाच्या उगमाबाबत खुलासा' हा नमुना तीन प्रतींत भरायला मिळाला. पहिला रकाना: उत्तरे आपणांस कोणी पुरविली? दुसरा: कोणीही पुरविली नसल्यास, कोणी पुरविली असती? तिसरा: आपण नियम समजून घेतले असल्यास त्यामागील हेतू. तिसऱ्या रकान्यात बाईंनी लिहिलं, "गाडी चालवणे." हार्दिकभाईंनी ते वाचून मान हलवली.

"हे साहेब मान्य नाही करणार. गाडी चालवायला नियम समजावे लागत नाहीत, हे साहेबांना माहीत आहे. ते स्वतः चालवतात."

शेवटी बाईंनी "सवय" असं लिहिलं. सवयीला पुरावा लागतो. अर्जदारास समजून घेण्याची जुनी सवय आहे, असं लायसनधारक प्रतिष्ठित नागरिकाने समक्ष येऊन सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी बळवंतराव कोपराला हेल्मेट अडकवून हजर झाले. साक्षीदाराची लायकी तपासण्यासाठी हार्दिकभाईंनी त्यांना तीन प्रश्न विचारले.

"सिग्नलला पिवळा दिवा लागला तर?"

"जोरात काढायची. नाहीतर लाल होतो."

"झेब्रा क्रॉसिंगवर माणसं उभी असली तर?"

"हॉर्न वाजवून पुढे जायचं. म्हणजे ती मागे सरतात."

"हॉर्न वाजवू नये अशी पाटी असली तर?"

"तिथे जास्त वाजवावा लागतो. लोक पाटी वाचत उभे असतात."

हार्दिकभाईंचा चेहरा खुलला. साक्षीदार नैसर्गिक व विश्वासार्ह आहे, असा शेरा त्यांनी लिहिला. या माणसाच्या मागे आपण सदतीस वर्षं पदर खोचून बसत आलो, हे निरुपमाबाईंना मात्र त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

साक्षीचा उपयोग झाला. साहेबांनी उदार मनाने फेरपरीक्षेची परवानगी दिली. अट एवढीच, की अर्जदाराने अकरा किंवा बारा गुण मिळवावेत. त्यापेक्षा जास्त मिळाल्यास अर्जदारास कायमचं अपात्र ठरवण्यात येईल. म्हणजे भैरवीही कायमची गेली. बाई तडक निजामपुऱ्याला गेल्या.

"तीन चुकवायची फक्त," नंदू म्हणाला. "काही अवघड नसतं बाई. नववीत तुमच्या पेपरात मी सतरा चुकवली होती. मी शिकवतो ना."

आठवडाभर नंदूने त्यांना चुकायला शिकवलं. त्याने खूप धीर धरला, पण विद्यार्थिनी ढ निघाली. चुकीच्या उत्तरावर बोट नेलं की बाईंचा हात आपोआप मागे येई. एकदा तर त्यांनी नंदूच्या छापील सरावपत्रिकेतली चूकच लाल पेनाने दुरुस्त केली. "बाई, असंच चाललं तर तुम्ही नापास होणार," नंदू कळवळून म्हणाला, आणि हे वाक्य तिथल्या भिंतींनी बारा गुणांपलीकडे जाणाऱ्या माणसाबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

फेरपरीक्षेला बाईंनी देवापुढे साखर ठेवली, तीही चुका होऊ देत म्हणून. पहिले बारा प्रश्न हाताने बाईंना न विचारताच बरोबर सोडवून टाकले. उरले तीन. तीनही चुकलेच पाहिजेत. तेरावा प्रश्न झेब्रा क्रॉसिंगचा होता. थांबावे, हे उत्तर समोर लख्ख दिसत होतं आणि कोपऱ्यात सेकंद भराभर उतरत होते. बाईंना तिसरी रांग आठवली, पुन्हा जुळवला जाणारा तंबोरा आठवला, "चल, ऊठ" आठवलं. आणि त्याबरोबर "चल, ऊठ" म्हणणारे बळवंतरावही आठवले. झेब्रा क्रॉसिंग, पिवळा दिवा आणि हॉर्नची पाटी, या तीनही प्रश्नांना त्यांनी खिडकी क्रमांक सातवर नवऱ्याने दिलेली उत्तरं जशीच्या तशी देऊन टाकली. बारा गुण मिळाले. पडदा हिरवा झाला.

"जुओ ने, बघा, आता बरोबर समजलं तुम्हाला," हार्दिकभाई मनापासून म्हणाले. "फक्त इथे एक सही. पहिल्या वेळी संशय आलेला, म्हणून एक वर्ष तुम्ही निरीक्षण यादीत."

कागदावर लिहिलं होतं: 'अर्जदाराचे रस्त्यावरील वर्तन चाचणीत त्याने दिलेल्या उत्तरांशी सुसंगत राहील.' तिथे येणारा कुणीही कागद वाचत नाही. निरुपमाबाईंनी वाचला, आणि त्यांना तो आवडला. माणसाने परीक्षेत लिहावं तसंच वागावं, यात वावगं काय आहे? त्या आनंदाच्या भरात आपली शेवटची तीन उत्तरं त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती. महिन्याभराने मैदानावर स्कूटरने आठचा आकडा काढून दाखवला आणि पक्कं लायसन हातात पडलं.

दुसरा रविवार आला. साडेआठला निरुपमाबाईंनी स्कूटर बाहेर काढली. किल्ली त्यांची होती, त्यामुळे बळवंतराव मागे बसले.

"हेल्मेट डोक्यावर घाला, कोपराला नको," बाई म्हणाल्या.

"आणि भैरवी?"

"किल्ली माझ्या पर्समध्ये राहील."

बळवंतरावांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं.

सुभानपुऱ्याच्या अलीकडे एका दवाखान्यासमोर झेब्रा क्रॉसिंग आहे. शेजारी हॉर्न वाजवू नये अशी पाटीही आहे. कडेला पिशवी घेतलेले एक काका आणि दोन बायका उभ्या होत्या. निरुपमाबाईंनी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पट्ट्यांच्या अलीकडे स्कूटर थांबवली आणि हाताने काकांना जायची खूण केली. काका दोन पावलं मागे सरले. जन्मात त्यांच्यासाठी एकही वाहन थांबलं नव्हतं. जी थांबली होती, ती पत्ता विचारायला.

"क्यां जवुं छे, बेन? सरनामुं बोलो ने," काकांनी विचारलं.

"पत्ता नकोय, काका. तुम्ही जा ना आधी."

"ना ना, तमे जाओ."

काका हलेनात, आणि ते गेल्याशिवाय बाई हलेनात. दोन बायकांना यात काहीतरी डाव दिसला, त्यांनी पर्स छातीशी धरल्या. दोघा भल्या माणसांनी स्कूटर बंद पडली असं समजून ती ढकलायला सुरुवात केली. बाईंनी ब्रेक दाबून धरला. मागे रिक्षा, टेंपो, बस, आणि सगळ्यात पुढे एक पांढरी गाडी येऊन थांबली. पांढऱ्या गाडीने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दवाखान्यातले रुग्ण खिडकीत आले.

अर्ध्या तासाने वाहतूक पोलीस समरजितसिंह गर्दी कापत तिथवर पोचले. त्यांनी बाईंचं लायसन हातातल्या यंत्राला दाखवलं. यंत्र केकाटलं.

"बेन, आप निरीक्षण यादी में हो," समरजितसिंह पडदा वाचत म्हणाले. "प्रश्न तेरह. झेब्रा क्रॉसिंग पर लोग खडे हों तो? आपका उत्तर, हॉर्न बजाकर आगे जाना. फिर आप रुकी क्यूं?"

"अहो, नियमच तसा आहे. थांबावं, असा!"

"नियम सब के लिए है, बेन. उत्तर आपका खुद का है. आपने सही किया है कागज पर."

स्कूटर कडेला लागली आणि दोघं नवरा-बायको जवळच्या चौकीत गेली. बाई खुलासा लिहू लागल्या. वर्तन सुसंगत का नाही, हॉर्न सुस्थितीत असताना का वाजवला नाही, पादचाऱ्यांना थांबून का घाबरवलं, प्रत्येकाचा वेगळा कागद होता. दहा वाजले, साडेदहा वाजले. सुभानपुऱ्यात आता सारंग सुरू झाला असेल, असं मनात येऊन बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बळवंतरावांनी पाहिलं. सदतीस वर्षांत त्यांनी बायकोची बाजू घेतल्याची नोंद नाही. त्या दिवशी ते उठून उभे राहिले.

"साहेब, तिला सोडा. ती तीन उत्तरं तिची नाहीतच. ती माझी आहेत. मीच सांगितलेली."

समरजितसिंहांचं पेन थांबलं.

"मतलब, परीक्षा में दूसरे का उत्तर लिखा? ये तो नकल हुई!"

दोन वर्षं कचेरी ज्याच्या शोधात होती तो गैरप्रकार अखेर पुराव्यानिशी उघडकीस आला, आणि तोही बारा गुणांत. लायसन जप्त झालं. सोमवारी खिडकी क्रमांक सातवर हजर राहण्याची नोटीस मिळाली. उत्तरं पुरवणाऱ्यावर मात्र कारवाई होऊ शकली नाही, कारण त्याचं लायसन जुनं होतं आणि वर्तन उत्तरांशी पूर्णपणे सुसंगत होतं.

अकरा पस्तीस झाले होते. निरुपमाबाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"नीट धरून बस," बळवंतराव म्हणाले. त्यांनी दोन पिवळे दिवे जोरात काढले, तीन झेब्रा क्रॉसिंगांवरची माणसं हॉर्नने मागे सारली आणि दहा मिनिटांत सभागृह गाठलं. वाटेत कुणी अडवलं नाही. पिशवीवाले काका पुन्हा एका क्रॉसिंगवर दिसले. या वेळी ते ओळखीचं हसले.

सभागृहाच्या दारातून माणसांचा लोंढा बाहेर येत होता. बाईंचा धीर सुटला. "संपलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"छे, भैरवी व्हायचीय," बाहेर पडणारे एक गृहस्थ किल्ल्या हलवत म्हणाले. "झाली की पार्किंगमध्ये गर्दी होते ना. म्हणून आधीच निघालो."

सगळेच आधी निघाले होते. आत तीनशे खुर्च्या रिकाम्या होत्या. निरुपमाबाई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. बळवंतराव शेजारी बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन. गवईबुवांनी तंबोरा जुळवला, समोरच्या दोन माणसांकडे पाहून नमस्कार केला आणि भैरवीचा पहिला सूर लावला. निरुपमाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या हातावर बळवंतरावांनी हात ठेवला, तो तिथेच राहू दिला.

तेवढ्यात पार्किंग सुरू झालं. गर्दी टाळण्यासाठी एकदम निघालेली ती सगळी माणसं एकमेकांच्या गाड्यांत अडकली होती आणि प्रत्येक जण पुढच्याला हॉर्नने मागे सारू पाहत होता. भिंतीबाहेर शांतता राखण्याची पाटी होती, तिच्याच खाली. बाईंनी सदतीस वर्षांनी भैरवी ऐकली खरी, पण तुटक तुटक, हॉर्नच्या मधल्या फटींतून जेवढी आत आली तेवढीच.

सगळ्यात लांबलेला हॉर्न एका पांढऱ्या गाडीचा होता. सकाळी दवाखान्यासमोर होती, तीच. बाईंनी ती हॉर्नवरून ओळखली, पण आत तुम्ही होतात हे त्यांना माहीत नाही, आणि मीही सांगितलेलं नाही. त्यांची तुमच्याबद्दल तक्रारही नाही. शिक्षिकेची सवय म्हणून त्यांना एवढंच विचारायचं होतं, की तुम्हाला किती गुण मिळाले होते? बारा? की तुम्हालाही साहेबांनी फक्त वडिलांचं नाव विचारलं होतं?